एकाच नंबरचं गाणं

ताई,

शाळा सोडल्यापासून काही लिहिलं नाही, चुका होतील. टाइपही हळू होतं.

त्या दिवशी तुझा फोन वाजला आणि मी नाचतच बाबांना सांगितलं, "हे गाणं एकाच नंबरला वाजतं!" मला गंमत वाटली गं. बाबांनी फोन उचलला, मुलाचा आवाज ऐकला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुला आत्याकडे धाडलं.

आज पार्लरमध्ये कामावर, खाली पडलेले केस झाडताना तेच गाणं लागलं. नाचायच्या नादात शब्द कधी ऐकलेच नव्हते. गाण्यातली ती म्हणते, 'उशीर झाला तरी थांब.'

"रडतेस काय, मस्तीचं गाणं आहे!" मालकीणबाई हसल्या.

तुझा तो अजून कोपऱ्यावर थांबतो. मी मान खाली घालून जाते.

तुझा फोन बाबांकडेच आहे. पाठवलं तर तेच वाचतील.

मांजरीला तीन पिल्लं झाली.

तुझी चोंबडी