दोघांनी सांगितलेला चेहरा

कळमनुरी,
ता. २ जुलै १९७३

ती. गं. भा. जनाआक्का हिच्या पायांवर धाकट्या शेषरावचे डोके. वि. वि.

इकडे सगळे बरे आहेत. हे पत्र मी तुझा भाऊ म्हणून लिहीत आहे आणि आमच्या कला मंडळाचा चिटणीस म्हणूनही, त्यामुळे हात जरा अडखळतो आहे.

मंडळ म्हणजे आम्ही अकरा माणसं. वारंगा फाट्यावर ट्रकांच्या पाट्या रंगवून पोट भरणारा रामजी पेंटर, रामकिशन शिंपी, शाळेतले अमृतराव मास्तर आणि बाकीचे माझ्यासारखे, ज्यांना सरळ रेघ ओढता येत नाही पण खिळे ठोकता येतात. तू मागे म्हणाली होतीस की शेषा दिवसभर लोकांचं टपाल वाटतो, संध्याकाळी लोकांच्या भिंती सजवतो, घराला चुना कोण देणार? चुना अजून दिलेला नाही.

दर दसऱ्याला कापसाच्या जिनिंगच्या रिकाम्या गोदामात आम्ही पाच दिवस चित्रं मांडतो. त्यांत ज्यांचा उभ्या जन्मात फोटो निघाला नाही अशा गेलेल्या माणसांची चित्रं असतात. ती सांगण्यावरून काढतात. पण एकाच्याच सांगण्यावर रामजी ब्रश उचलत नाही. माया करणारा माणूस सगळ्यांना देखणं करून टाकतो. म्हणून एक सांगणारा मायेचा आणि एक, ज्याचं त्या माणसाशी पटत नव्हतं असा. दोघांचं मी लिहून घेतो, बैठकीत मोठ्याने वाचतो आणि रामजी ऐकत ऐकत काढतो. आमच्यातलाच भावसिंग म्हणाला होता की त्याचा बाप राजासारखा दिसायचा. बांधावरून वीस वर्षं भांडलेल्या शेजाऱ्यानं सांगितलं की राजाचा डावा कान फाटका होता आणि हसताना वरचा दात ओठावर यायचा. चित्र पाहून भावसिंगनं आधी शेजाऱ्याला हसत हसत शिव्या दिल्या, मग तो तिथेच खाली बसला आणि बराच वेळ उठला नाही.

वैशाखात तुमच्या शिवारात तलावाच्या दुष्काळी कामावर दरड कोसळून पाच जण गेले. त्या पाचांची चित्रं यंदा लावायची ठरली आहेत. तुझी सून, आपली कमल, त्यांत आहे. तिचा फोटो नाही. सोनाजीनं आपल्या बायकोबद्दल सांगितलं, मी लिहून घेतलं. दुसरं कोण, असं निघालं तेव्हा सगळे जमिनीकडे पाहू लागले. आक्का, सासूसुनेचं पटत नव्हतं हे लपलेलं नाही. परक्यानं येऊन विचारण्यापेक्षा मीच विचारतो. मला स्वतःला काही सांगता येत नाही. मी मामेसासरा. माझ्यासमोर ती कायम पदर ओढून, मान खाली घालून असायची. मला तिचे पायच आठवतात.

आशी अडीच वर्षांची आहे. तिच्यासाठी आईचा चेहरा कुठेतरी राहावा, एवढ्यासाठी लिहिलं. रागावलीस तरी उत्तर दे.

तुझ्या मायेत वाढलेला,
शेषराव

जवळा बाजार,
ता. १९ जुलै १९७३

चि. शेषरावास जनाबाईचा आशीर्वाद.

बालवाडीच्या पद्माबाई लिहून राहिल्यात, मी बोलून राहिले. बाईला म्हटलं, जसं बोलते तसंच लिहा, सजवू नका.

तुझ्या अकरा मानसायला म्या वैरीण दिसले का? भावसिंगाच्या बांधाचं भांडन आन माझ्या घरचं एकच झालं का रे? सासू बोलतेच. आपली आत्याच माझी सासू, ती मला चुलीपुढून उठवून उठवून बोलली, तवा कोनी चित्र काढाया आलं न्हाई. तुला लाज कशी वाटली न्हाई इचाराया? बहिणीच्या घरचं धुनं गोदामात टांगतूस व्हय? चुना देत न्हाईस घराला आन दुनियेला रंग देतूस.

म्या काय बी सांगनार न्हाई. सोनाजीला इचार, त्यानंच सांगितलं ना? मंग काढा त्याच्यावरच.

सोनाजी कामाला जातो, येतो, जेवतो. बोलत न्हाई. आशी दिसभर खेळती. निजताना माझ्या गालावर बोट फिरवती, कायतरी हुडकती, आन हात काढून घेती. मंग रडती. मला तकलीफ होती.

गोधडीला तुझ्या घरची जुनी धोतरं पाठव. लेकरायला आशीर्वाद. तुझ्यावरची माया कमी झाली न्हाई, राग तेवढा जास्त हाय.

जनाबाई

कळमनुरी,
ता. ५ ऑगस्ट १९७३

ती. आक्काच्या चरणी नमस्कार.

तुझं पत्र तीनदा वाचलं. चूक माझी. तुला दुखवलं. धोतरं दोन पाठवली आहेत.

मंडळात सध्या रोज काहीतरी आहे. गोदामाचा मालक म्हणतो, मेलेल्या माणसांची तोंडं टांगता, कापूस ठेवायला माणसं भितात. रामकिशननं त्याला सांगितलं की कापसाला भीती वाटत असेल तर त्याला विचारून सांगा. मालक हसला आणि किल्ली दिली.

सोनाजीच्या सांगण्यावरून रामजीनं एक कच्चं चित्र काढून पाहिलं. नियमाबाहेर जाऊन, मी विनवलं म्हणून. ते दुकानातल्या कॅलेंडरवरच्या लक्ष्मीसारखं झालं. सोनाजीला दाखवलं तर म्हणाला, छान आहे मामा. मग थोड्या वेळानं म्हणाला, पण ही कोण आहे ते ठाऊक नाही. रामजीनं ते पुसून टाकलं.

आक्का, एक गोष्ट कधी कुणाला सांगितली नाही. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. तिचा चेहरा मला आठवत होता, हे मला आठवतं. पुढे कधीतरी तो गेला. कोणत्या दिवशी गेला ते कळलंसुद्धा नाही. पूजेला बसलो की देवाचा चेहरा डोळ्यांपुढे येतो, आईचा येत नाही. तू सांगायचीस, नाक असं होतं, केस असे होते. मी होय म्हणायचो. दिसत काही नव्हतं.

आशी अजून हुडकते आहे, असं तू लिहिलंस. म्हणजे अजून तिच्यापाशी आहे. फार दिवस राहणार नाही.

आता यापुढे विचारणार नाही. तुझं मन सांगेल तसं कर.

तुझा,
शेषराव

जवळा बाजार,
ता. २८ ऑगस्ट १९७३

चि. शेषरावास आशीर्वाद.

लिहून घे. एकदाच सांगते.

रंग सावळा. सोनाजी गोरी म्हनला आसंल, गोरी नव्हती. कपाळ लहान, केस फार म्होरं आलेले. भिवया एकमेकीला लागलेल्या. डोळे मोठे न्हाईत, पन पापन्या लांब, खाली बघितलं की गालावर सावली पडायची. नाक बसकं. चमकी उजवीकडं, पितळंची, सोन्याची म्या काढून ठिवली हुती. वरचा ओठ पातळ. बोलायच्या आधी तो जरासा हालायचा, मंग ती बोलायचीच न्हाई. हनवटीवर गोंदन, तीन ठिपके, मधला फिसकटलेला. मान लांब.

आता म्होरलं. डाव्या गालावर, कानाच्या पाळीखाली, चिचोक्याएवढा डाग हुता. भाजलेला. तो म्या दिला. मागच्या पौषात. घरात रेशनच्या लाल मिलो जवारीची तीन भाकर, चार खानारे. दारात कामावरची एक बाई लेकरू घिऊन उभी ऱ्हायली आन कमळीनं तिला आपली भाकर दिली. तिचीच दिली, माझी न्हाई. म्या तव्यावरचं उलथनं उचलून लावलं. ती वरडली न्हाई. लोकायला सांगितलं, चुलीवर पडली. सोनाजीला ठाव हाय. त्यानं तुला सांगितलं नसंल, माझ्यासाठी.

आशी त्याच डागावर बोट ठिवून निजायची.

हे सांगताना पद्माबाईचा हात थांबला. म्या म्हटलं, लिहा. एवढं सगळं मला बराबर आठवतं, सोनाजीला न्हाई. तूच बघ काय ते.

जनाबाई

(जनाबाईंनी सांगितले ते शब्दाला शब्द लिहिले आहे. त्या दोन दिवस जेवलेल्या नाहीत. — पद्मा)

कळमनुरी,
ता. १२ ऑक्टोबर १९७३

ती. आक्कास नमस्कार.

प्रदर्शन झालं. तू आली नाहीस, सोनाजी आशीला घेऊन आला होता. त्यानं तुला किती सांगितलं असेल ठाऊक नाही, म्हणून मी लिहितो.

पाचही चित्रं समोरच्या भिंतीला होती. आठवडी बाजाराच्या दिवशी उभं राहायला जागा नव्हती. कमलच्या चित्रापुढे सोनाजी उभा राहिला आणि त्यानं टोपी काढली. म्हणाला, हीच. भिवया पाहून म्हणाला, गोंदण पाहून म्हणाला. आशी त्याच्या कडेवर होती. ती एकदम पुढे झुकली. मला वाटलं, ओळखलं. तिनं चित्रातल्या डाव्या गालावर बोट ठेवलं, तिथे घासलं, पुन्हा घासलं. मग बापाकडे पाहून म्हणाली की ही न्हाई, ही दुसरी हाय. आणि तिनं तोंड त्याच्या खांद्यात घातलं. पुन्हा पाहायला तयार झाली नाही.

आक्का, डाग चित्रात नाही. तुझं पत्र बैठकीत वाचलं तेव्हा त्या ओळींपाशी आलो आणि पुढच्या पानावर गेलो. ऐकायला दहा माणसं होती. चित्रापुढे सगळा बाजार येणार होता. तिथे लोकांनी विचारलं असतं की हा कसला डाग. मला तुझं नाव जपायचं होतं. देवापुढे बसून मी हेच सांगितलं की बहिणीसाठी केलं. तेव्हा ते पुण्यासारखं वाटलं होतं.

मी अपराधी आहे. काय करू ते सांग.

शेषराव

जवळा बाजार,
ता. २० ऑक्टोबर १९७३

शेषराव,

तुला कोनी सांगितलं हुतं?

म्या दोन दिस उपाशी राहून ते तोंडातून काढलं. परक्या बाईम्होरं काढलं. जन्मात एकदा खरं बोलले आन तू ते गिळून टाकलं. माझं नाव जपाया तुला ठिवलं न्हाई. तुला लेकराच्या मायचं तोंड जपाया सांगितलं हुतं, तूच तर मागितलं हुतं.

आशी आता माझ्या गालावर बोट फिरवत न्हाई. गोदामातून आल्यापास्नं बंद केलं तिनं.

डाग घाल. लवकर घाल. मंग पत्र लिही, तवर लिहू नकू.

जनाबाई

कळमनुरी,
ता. ११ फेब्रुवारी १९७४

ती. आक्कास नमस्कार.

लिहू नको म्हणाली होतीस, तरी लिहितो. डाग अजून घातलेला नाही, हे सांगायलाच.

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात रामजी वारंगा फाट्यावर एका ढाब्याची पाटी रंगवताना शिडीवरून पडला. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर पौषात निघालं, पण बोटं वळत नाहीत. चहाचा कप दोन हातांनी धरतो. पाट्यांचं काम गेलं.

दिवाळीनंतर बैठक बोलावली आणि त्या ओळी मी उभा राहून वाचल्या. न वाचता पुढे का गेलो तेही सांगितलं. मग भावसिंग म्हणाला की माझ्या बापाचा फाटका कान तुम्ही भर बाजारात टांगला तेव्हा तुमचं मन नाही दुखलं, बहिणीपाशी आलं तेव्हाच का दुखलं? तो आणि आणखी तिघं मंडळातून गेले. चिटणीसपद मी सोडलं, पण घ्यायला कुणी तयार नाही, म्हणून वही माझ्याकडेच आहे.

अमृतराव मास्तरांना मी विनवलं की तुम्ही डाग काढा. ते म्हणाले, दुसऱ्याच्या चित्रात मी हात घालणार नाही, आणि असल्या डागासाठी तर नाहीच. एकदा मीच रंग कालवून चित्रापुढे बसलो. ब्रश गालापर्यंत नेला. मला तिचा गाल माहीत नाही, आक्का. कानापासून किती खाली, रंग कसा, कडा कशा, काही माहीत नाही. ब्रश धुऊन ठेवला.

चित्र माझ्या घरी आहे. रामजी म्हणतो, थांबा, बोटं वळली की पहिलं काम तेच. मी रोज त्याच्याकडे जातो, तेल चोळून देतो.

आशी कशी आहे? माझ्यावर राग ठेव, पण तिचं एवढं कळव.

शेषराव

कळमनुरी,
ता. ३० सप्टेंबर १९७४

ती. आक्कास नमस्कार.

रामजीनं परवा डाग घातला. एवढ्याशा जागेला तीन दिवस लागले. मनगट डाव्या हातानं धरून काढत होता. मी तुझं पत्र वाचत होतो, या वेळी सगळं. तो मध्येच म्हणाला, कडा गोल की उलथण्याच्या धारेसारखी? मला सांगता आलं नाही. सोनाजीला बोलावून घेतलं. त्यानं बोटानं हवेत दाखवलं.

चित्र त्याच्याबरोबरच पाठवत आहे. आधी आशीनं पाहावं. दसऱ्याला लावायचं की नाही ते तू ठरव. मंडळात आता सात जण आहोत. सातही जण म्हणतात, जनाबाई म्हणतील तसं.

शेषराव

जवळा बाजार,
ता. ९ ऑक्टोबर १९७४

चि. शेषरावास जनाबाईचा आशीर्वाद.

चित्र पोचलं. सोनाजीनं मधल्या भिंतीला लावलं. कमळीच हाय. रामजीला माझा नमस्कार सांग. डाग बराबर हाय, कडा बी बराबर. म्या म्होरं उभी ऱ्हायले, मंग तिथंच खाली बसले.

आशीला आनलं. आता चार बरसाची होईल. झगा घालून नीट उभी ऱ्हायली, पावन्याकडं बघावं तशी. म्या तिचं बोट धरून त्या डागावर ठिवलं. तिनं ठिवलं, म्या सोडल्यावर काढलं. मला इचारलं, आज्जे, ही कोन?

म्या सांगितलं, तुझी माय.

तिनं पुन्हा बघितलं. हसली. म्हनली, न्हाई, माय तर तू हाईस. आन भायेर खेळाया गेली.

शेजारच्या बाया येत्यात, इचारत्यात, गालावर काय हाय. म्या सांगते. जी येईल तिला सांगते. काही तोंडावर थुकल्यासारखं करून गेल्या, काही बसून ऱ्हायल्या. सोनाजी पयल्या दिशी म्हनला, आई, नको सांगू. आता म्हनत न्हाई.

दसऱ्याला चित्र लावा. मी पाची दिस येते आन त्याच्याजवळ उभी ऱ्हाते. कोनी इचारलं तर तू बोलू नकू, मी बोलीन. मला निजाया तुझ्या वसरीत जागा ठिव. पन आशीला आनत न्हाई. तिथं मानसं मला कमळीला भाजनारी सासू म्हनतील, आन ती मला माय म्हनून हाक मारील.

घरच्या समद्यायला आशीर्वाद. जीव हाय तवर इचारपूस करत ऱ्हा.

जनाबाई