नऊशे ब्याण्णव पौर्णिमा

काचीगुडा, हैदराबाद
४ नोव्हेंबर १९९६

ती. सौ. मंगलाआत्यास,
चारुलताचा शि. सा. न.

इकडे सगळे बरे आहेत. तुझ्या बाबांची, म्हणजे आमच्या आजोबांची, तब्येत इतकी ठणठणीत आहे की पहाटे नळाला पाणी आल्याचं ते शेजाऱ्यांनाही ओरडून सांगतात. पत्र लिहिते आहे कारण फोन त्यांच्या खुर्चीशेजारी आहे आणि मला जे सांगायचंय ते त्यांच्यासमोर बोलण्यासारखं नाही.

तू २९ डिसेंबरला त्यांचं सहस्रचंद्रदर्शन ठरवलंस. तुझा ओंकारदादा तीन वर्षांनी अमेरिकेहून येतोय, त्याला रजा फक्त नाताळातली आणि पुढची दोन वर्षं मिळणार नाही, हे मला माहीत आहे. पण निमंत्रणपत्रिकेत ‘हजार पौर्णिमा पाहिलेले’ असं छापायचं म्हणून आजोबांनी मला आकडा तपासायला सांगितला. चौथीपर्यंत मला शाळेत न घालता त्यांनी घरीच शिकवलं, त्यामुळे त्यांनी दिलेलं गणित मी अजून तीनदा करते. तिन्ही वेळा उत्तर एकच आलं, आणि ते हजार नाही.

चंद्राच्या बारा पौर्णिमा ३५४ दिवसांत उरकतात. पृथ्वीला मात्र सूर्याभोवती फिरून यायला ३६५ लागतात. अकरा दिवसांची ही तफावत साठत जाते, तीन वर्षं पुरी व्हायच्या आत महिन्याएवढी होते, आणि मग आपण एक अधिक महिना घालून चंद्राला सूर्याच्या पंगतीत आणून बसवतो. आजोबांच्या ऐंशी वर्षांत असे तीस अधिक महिने आले. ऐंशी गुणिले बारा नऊशे साठ, त्यात हे तीस, त्यात ऐंशी पुरी झाल्यावर समारंभापर्यंतच्या कार्तिक-मार्गशीर्षाच्या दोन. एकूण नऊशे ब्याण्णव. आठ कमी पडतात. हजारावी पौर्णिमा पुढच्या वर्षीच्या राखीला आहे.

अजून त्यांना सांगितलेलं नाही. सांगितलं तर ते समारंभ पुढे ढकलतील आणि दादा नुसताच येऊन जाईल. न सांगितलं तर मी त्यांना फसवलं असं होईल. काय करू ते कळव. उत्तर नारायणगुड्याला आमच्या कॉम्प्युटर क्लासच्या पत्त्यावर घाल, घरची सगळी पत्रं आजोबाच फोडतात.

हे वाचूनसुद्धा माया आहे तेवढीच ठेव.
तुझी,
चारू


पुणे
९ नोव्हेंबर १९९६

चि. चारूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचताना चकल्यांचा एक घाणा करपला, तो तुझ्या नावावर. अगं, सगळी दुनिया ऐंशी झाली की सहस्रचंद्रदर्शन करते. आमच्या खालच्या मजल्यावर तर एकोणऐंशीलाच केलं, कारण हॉल तेव्हा मोकळा होता. त्यांच्या चंद्राने काही तक्रार केली नाही. तुझा बाप अविनाश गणितात दरवर्षी काठावर पास व्हायचा, तू कुणावर गेलीस?

मोजायचंच असेल तर आईच्या पोटातले नऊ महिने धर. एक हजार एक होतात, म्हणजे वर एक शिल्लकच. बाबांना हाच आकडा सांग आणि फराळाचं बघ. तुझ्या लग्नात तू भटजींचं घड्याळ रेडिओशी जुळवून बघशील, आणि तेवढ्यात नवरामुलगा परत जाईल, हे मी आत्ताच लिहून ठेवते.

ओंकारचं तिकीट पक्कं झालं. २१ला पोचतो.

रागावले आहे, पण जीव तितकाच आहे.
तुझी आत्या


काचीगुडा, हैदराबाद
१८ नोव्हेंबर १९९६

ती. सौ. मंगलाआत्यास,
शि. सा. न.

पोटातल्या नऊ महिन्यांवर मी तीन दिवस विचार केला. दर्शन म्हणजे डोळ्यांनी पाहणं, आणि तिथून दिसत नसणार. पण मग तान्ह्या बाळालाही सुरुवातीचे तीन महिने काही कळत नाही, ते वजा करावे लागतील. शिवाय पावसाळ्यातल्या ढगांच्या पौर्णिमा आहेत, वर्षाला दोन जरी धरल्या तरी एकशे साठ गेल्या. शिवाय मोतीबिंदूची दोन वर्षं. शिवाय गेली बारा वर्षं ते आठ वाजता झोपतात. अशा हिशेबाने तुझ्या वडिलांना हजार व्हायला शंभरी ओलांडावी लागेल. मग मी घाबरून वजाबाकी थांबवली. ढगाआडची पौर्णिमाही पौर्णिमाच असं मानलं आणि आठच कमी ठेवल्या.

खात्रीसाठी मोईनसाहेबांना विचारलं. ते आजोबांचे बुद्धिबळातले जोडीदार, उर्दू शाळेतले निवृत्त मास्तर. त्यांच्याकडे अधिक महिना नसतो, सूर्यासाठी ते थांबतच नाहीत, म्हणून रमझान दरवर्षी अकरा दिवस अलीकडे येतो. त्यांच्या हिशेबात हजार चंद्र म्हणजे सरळ त्र्याऐंशी वर्षं चार महिने. तसं मोजलं तर डिसेंबरात आजोबा ब्याऐंशी वर्षं आठ महिन्यांचे होतात. वय अडीच वर्षांनी वाढल्याचा मला क्षणभर आनंद झाला. पण कमी पडतात त्या आठच. चंद्र एकच आहे, नुसती पट्टी वेगळी.

किसका हिसाब लगा रहे बेटी, असं त्यांनी विचारलं. क्लासमधल्या मुलांसाठी गणित काढतेय म्हटलं. या आठवड्यातलं हे तिसरं खोटं. मी फार परेशान आहे.

तुझा राग उतरला असेल अशा आशेवर,
चारू


पुणे
२३ नोव्हेंबर १९९६

चि. चारूस,
आशीर्वाद.

आता थट्टा करत नाही. आठ पौर्णिमा तुला गणित वाटतं, मला भीती वाटते. ओंकार पुन्हा येईल तोवर बाबा ब्याऐंशी पार करतील. तेव्हा ते असतील का, हे तू मला मोजून दाखव. नातवाच्या हातून त्यांना ओवाळलेलं मला बघायचं आहे. २९ तारीख होईपर्यंत गप्प राहा. नंतर हवं तर सांग, दोष माझ्यावर घाल.

एवढं ऐकशील तर जन्मभर तुझी ऋणी,
आत्या


काचीगुडा, हैदराबाद
२ डिसेंबर १९९६

ती. सौ. मंगलाआत्यास,
शि. सा. न.

मला जमलं नाही. आधी हे लिहिते, म्हणजे पुढचं वाचताना तू बसलेली असशील.

चार दिवस गप्प राहिले. पाचव्या दिवशी चहात मीठ घातलं. शनिवारी गौलीगुड्याच्या छापखान्यातून पत्रिकेचा नमुना आला. आजोबांनी तो माझ्यापुढे ठेवला आणि ‘हजार’ या शब्दाखाली तपासल्याची सही कर म्हणाले. पेन हातात घेतलं आणि मला रडू आलं. मग सगळंच सांगितलं.

त्यांनी माझा कागद मागून घेतला आणि अधिक महिने एकेक करून बोटांवर मोजले. मग विचारलं की हे मला कधीपासून माहीत आहे. चार आठवडे, म्हटलं. राग त्यांना फक्त त्याचाच आला. गणित चुकलं तर पुसता येतं, दडवलेलं कुठे पुसणार, असं म्हणाले. मग तुझी भीतीही मी सांगितली. माफ कर, एकदा तोंड उघडल्यावर मला मधेच थांबता येत नाही.

चहा झाल्यावर त्यांनी लाल पेन मागितलं, ‘हजार’ खोडलं आणि वर ‘नऊशे ब्याण्णव’ लिहिलं. तारीख तीच, जेवण तेच, ओंकार ओवाळणार तेही तसंच. हातात आहेत त्यांचा समारंभ करायचा, न पाहिलेल्या आठांचं श्रेय घ्यायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. मंगलीला कळव की मी नातवासाठी चंद्राला थांबवू शकत नाही, पण चंद्रासाठी नातवालाही थांबवणार नाही, असंही म्हणाले.

छापखानेवाला दोनदा येऊन गेला. नऊशे ब्याण्णवचा समारंभ त्याने उभ्या जन्मात छापला नव्हता. आजोबांनी त्याला समजावलं की मियाँ, जित्ते देखे उत्तेच लिखो. गुरुजींची अडचण निराळी होती. संकल्पात ‘सहस्र’ येतं, त्याचं काय करायचं? तेवढ्या शब्दाला खोकला काढा, असं त्यांना सुचवण्यात आलं आहे.

पत्रिका सोबत आहे. लोभ उरला असेल तर तो असाच चालू ठेव.
तुझी,
चारू


पुणे
१२ डिसेंबर १९९६

चि. चारूस,
अनेक आशीर्वाद.

पत्रिका मिळाली. दोन दिवस तुझ्याशी मनातल्या मनात भांडले. तिसऱ्या दिवशी शेजारीण आली आणि तिला हा आकडा छपाईची चूक वाटला. तिला मी अधिक महिना समजावला, मग तिच्या सुनेला, मग दूधवाल्याला. दूधवाल्याला समजावताना तो मला स्वतःला समजला.

मग बसून माझ्या पौर्णिमा काढल्या. सहाशे बावन्न झाल्या आहेत. बऱ्याच झाल्या की गं. कधी वाळवण आवरायला म्हणून, कधी कोजागरीचं दूध ठेवायला म्हणून गच्चीवर गेले असेन, पण बाबांच्या शेजारी उभं राहून पाहिलेली त्यातली एकही आठवेना. त्यांना फक्त तुला शिकवायला वेळ होता असं मी आजवर म्हणत आले. मी कधी विचारलंच नव्हतं.

२४ तारखेला पौर्णिमा आहे. माझं तिकीट २७चं होतं, ते बदलून २३चं केलं. ओंकारलाही घेऊन येते. बाबांना सांग की त्या दिवशी आठ वाजता झोपायचं नाही, मंगली येते आहे. आणि त्यांची खुर्ची गच्चीवर नेऊन ठेव. फोन खालीच राहू दे.

तिथे आल्यावर तुझा कान धरीन, आणि मग जवळ घेईन. दोन्हींची तयारी ठेव.
तुझी,
आत्या