बुजवलेल्या खाणीतला ओढा

५ फेब्रुवारी
सोलापुरात आले आणि नव्या नोकरीतलं पहिलंच काम मनासारखं मिळालं. ओढ्याकाठी फिरायचं! अक्कलकोट रस्त्याच्या बाजूला दगडाची जुनी खाण बुजवून वर माती टाकलीय, करंजाची रोपं लावलीत. मधून ओढा काढलाय. त्याचा प्रवाह वरच्या आणि खालच्या तोंडाशी मोजायचा, जमीन पक्की आहे असा अहवाल द्यायचा. मग तिथे घरांचे प्लॉट पडणार. ठेकेदाराचा सुपरवायझर मृत्युंजय मोठा अगत्याचा माणूस. दुपारी कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाऊ घातली.

९ फेब्रुवारी
आकडे जुळत नाहीत. वरून जेवढं पाणी येतं, त्याहून खाली जास्त निघतं. मृत्युंजय म्हणाला, आत झरा असेल. असेलही. पण पाणी कोमट लागतं. मेंढरं राखणारी अंबुबाई कळपाला तिथे तोंड लावू देत नाही. कारण विचारलं तर मेंढरं हाकत पुढे गेली.

१४ फेब्रुवारी
वरचा ओढा आटला. खालचा वाहतोच आहे. पाणी तपासून घेतलं, तर खारट निघालं. खाण बंद का पडली, असं मृत्युंजयला विचारलं. दगड संपला म्हणाला. कडेला तर अजून चांगला काळा दगड उघडा दिसतोय. हा माणूस काहीतरी लपवतोय.

१७ फेब्रुवारी
आज अंबुबाई थांबली. तिचा भाऊ इथे दगड फोडायचा. दरड कोसळून माणसं आत अडकली. आतून घणाचे आवाज येत होते, तरी मालकाने वरून माती ओतली. मी पाण्याचं विचारलं.
“पानी न्हाय ते, बाई. घाम हाय. आजून खनत्यात की ती.”

१८ फेब्रुवारी
मृत्युंजयला सांगितलं, सही करणार नाही, आधी जमीन उकरून बघू. तो घाईने म्हणाला,
“उकरू नका, मॅडम. त्यांना वाट सापडेल.”

२० फेब्रुवारी
भर दुपारी घणाचे आवाज. वाटलं, रस्त्याचं काम — पण पायाखालून येतायत. ओढा फुगलाय. आभाळात ढग नाही. मृत्युंजयचा फोन लागत नाही. त्याची मोटरसायकल मात्र करंजांपाशी उभी.

२१ फेब्रुवारी
ओढ्याकाठच्या पत्र्याच्या शेडमधून ऑफिसात आमच्या साहेबांना फोन केला. येतो म्हणाले, तोवर शेडमधून हलू नका. हलू नका असं का — त्यांनाही माहीत होतं?
रोपं कलली. सगळी माझ्याच दिशेने.
आवाज थांबला. हायसं वाटलं. पाहिलं, तर ओढाही थांबलेला. म्हणजे आता खणायचं काही उरलंच ना—