उरलेली स्प्रिंग

यवतमाळ, शनिवार, दिवेलागणीची वेळ

जीपच्या मागच्या चाकांचे ब्रेक लायनर आज बदलले, ड्रम बसवले, आणि खाली अंथरलेल्या पेपरवर एक स्प्रिंग उरली. बोटाएवढी. कुठली?

उद्या पुतण्याची वरात. "नवरदेव आपल्याच उघड्या जीपमध्ये बसन. मेकॅनिक कायले पायजे, मी हावो ना," हे दादाला मीच सांगितलेलं. महिनाभर ऑफिसातून आलो की जीप. कापडी टपाला ठिगळं लावली, रंग दिला. उद्या टप खाली पाडला की मागे पोरं चढणारच, वरातीत कोण कोणाला उतरवतं? आणि पुढे मंगल कार्यालयाचा उतार...

अंगणात पुन्हा पुन्हा ब्रेक दाबून पाहिला. लागतो. मग ही स्प्रिंग कशाची?

बायकोने चाकाखाली लिंबू ठेवलं. म्हणाली, "ब्रेक लागून राह्यले ना? मग आता कायले घाबरता?" तिला स्प्रिंग दाखवलीच नाही, खिशात होती.

लिंबावरून गाडी पुढे घ्यायची, एवढंच. क्लचवरून पाय उचलेना. उतरलो आणि दादाला फोन लावला.

"दादा, जीप नाही आणत. मलेच भरवसा नाही तिचा."

आता हा भडकणार.

"बरं झालं बाप्पा," दादा म्हणाला. "घोडी मी मंगळवारीच सांगून ठेवली. तुले कसं सांगू, हेच समजत नव्हतं."

जीव भांड्यात पडायला हवा होता. रागाने स्प्रिंग भिरकावली, मग टॉर्च घेऊन अंगणभर तीच शोधली. आता वहीशेजारी ठेवली आहे.

मंगळवारी तर मी ड्रम उघडलेही नव्हते.