पाटलांच्या मोटारीचे दिवे

॥ श्री ॥
वडनेर भोलजी, ता. ८-११-१९६४

चि. सहदेवास अक्काचे अनेक आशीर्वाद.

आमी सारे खुशाल. भाऊबीज येऊन गेली, तू आला नाहीस. शेवटी चंद्राले ओवाळलं. दसऱ्याले निघतानी म्हणाला होतास, का सोनाळ्याच्या भगवंतराव पाटलांच्या जुन्या मोटारीच्या दिव्यायचं काम हाय, आठ दिवसांत येतो. चार दिवे जोडाले महिना लागते काय रे? माही सासू म्हणते, पोरानं तिकडे नवरी पाह्यली असन. तसं असन तं आधी मले कळव.

पत्राची वाट पाहणारी,
तुही अक्का मंजुळा

॥ श्री ॥
सोनाळा, ता. १४-११-१९६४

ती. अक्काच्या चरणी सहदेवचा शि. सा. नमस्कार वि. वि.

नवरी नाही, मोटारच गळ्यात पडली. सन अडतीसची गाडी. कापड गुंडाळलेल्या वायरी उंदरायनं खाल्ल्या होत्या, त्या साऱ्या नव्या टाकल्या. वळतानी दाराजवळून बाहेर निघणारे इशाऱ्याचे हात काढून मडगार्डावर लुकलुकणारे पिवळे दिवे बसवले. कोजागिरीलेच काम संपलं. पण पाटील म्हणे, उजेड कमी पडते. म्हणून ब्याटरीवरून जाड वायर थेट पुढच्या दिव्यायले आणली. तरी त्यायले धूसरच. बंपरवर आणखी दोन दिवे लावले. आता समोरचा माणूस डोळ्यावर हात धरते, अन् पाटील म्हणतेत, अजून काही तरी राह्यलं.

सोमवारी भर दुपारी त्यायनं गाडी ढोराच्या हौदावर नेली. पांढरा, कंबरेइतका हौद, त्यायले दिसलाच नाही. तवा मले उमगलं. कोणाले सांगाचं नाही म्हणून मले बेलभंडार उचलाले लावला. दोष दिव्यायचाच म्हणे.

त्यायची सून झुंबरवैनी, तिचे दिवस भरत आले. पहिली खेप जिवावर बेतली होती, म्हणून खामगावच्या दवाखान्यात न्याचं हाय. मुलगा नोकरीले नागपुरात. पाटील स्वतः गाडी नेतो म्हणतेत. मी निघालो तं ते एकटे चालवतीन. बोललो तं शपथ मोडते, अन् मले ग्यारेजात शिकाले त्यायनंच ठेवलं होतं. म्हणून रोज एक वायर ढिली करतो अन् काम बाकी हाय म्हणून सांगतो. दावं नाही, पण बांधल्यावानी झालं. काय करू ते लिही.

तुह्या मायेवर टिकून असलेला,
सहदेव

॥ श्री ॥
वडनेर भोलजी, ता. १९-११-१९६४

चि. सहदेवास आशीर्वाद.

तुहं पत्र वाचून जेवण गेलं नाही. बेलभंडार उचलला तो दुसऱ्यायले न सांगाचा. खुद्द पाटलायले सांगाले कोणी मना केलं? उपकार आठवतेत म्हणूनच सांग. रागावले तं रागावू दे. दोन जिवांची बाई नाल्यात गेल्यावर तुह्या इमानाचं काय करशील? वायर ढिली करणं सोड, जीभ ढिली कर.

जीव तुह्यापाशी ठेवून,
अक्का

॥ श्री ॥
सोनाळा, ता. २९-११-१९६४

ती. अक्काच्या चरणी शि. सा. नमस्कार.

बुधवारी सकाळी वैनीच्या पोटात दुखाले लागलं. तिले मागच्या सीटवर बसवलं. पाटील स्टेरिंगवर बसले अन् उन्हातच सारे दिवे लावाले सांगतलं. मी लावले, अन् गाडीसमोर जाऊन उभा राह्यलो. म्हणलं, "पाटील, दिवे सारे लागले. तुमालेच दिसत नाही."

त्यायच्या बोटायची कांडं पांढरी पडली. मले वाटलं, आता गाडी अंगावर येते. तेवढ्यात मागून झुंबरवैनी कण्हत बोलली. तिले राखीपासून ठाऊक होतं. तीन महिन्यांपासून त्यायनं चाचपडू नये म्हणून ती ताटात भाजी, चटणी रोज एकाच जागी वाढते. मामंजीले अपमान वाटन म्हणून बोलली नाही. अक्का, मीच एकटा कोंडलो नव्हतो.

पाटील हळूहळू डाव्या सीटवर सरकले. मी गाडी नेली.

मुलगी झाली, दोघी खुशाल. तिथल्याच डॉक्टरनं पाटलांचे डोळे पाह्यले. मोतीबिंदू हाय, पौषात काढतीन. तवर मले सुट्टी नाही, गाडी मीच चालवतो.

नातीले मांडीवर घेऊन ते बराच वेळ तिच्या तोंडाजवळ तोंड नेऊन बसले. मंग मले जवळ बोलावून हळूच म्हणे, "सहदेव, कोणासारखी दिसते, सांग बरं."

आता चिंता करू नको, आशीर्वाद तेवढा चालू ठेव.

तुहा,
सहदेव