खिडकीजवळची जागा

पुलगाव, मंगळवार, १२ जानेवारी १९५४

आज आईशी खोटं बोललो. कल्याणला दादाच्या अस्थी घेतल्या आणि थेट घरी यायचं सोडून काल नेरळला गेलो, माथेरानच्या छोट्या गाडीत बसायला. का गेलो? दर पत्रात तो लिहायचा, "येजो एकदा, तुले डोंगरातली गाडी दाखवतो." मला कधी सवडच झाली नाही.

तिकिटं दोन काढली. अस्थी खाली टेकवायच्या नसतात, म्हणून लाल गाठोडं खिडकीच्या दांडीला बांधलं आणि त्याखालची जागा रिकामी ठेवली. समोरची बाई म्हणाली, "तेवढं गाठोडं मांडीवर घ्या ना, पोरीला खिडकीजवळ बसू द्या." मी नाही म्हणालो.

"गाठोड्याला कशाला हवी खिडकी?"

डबा हसला. पोर रडायला लागली. खरं सांगितलं असतं तर? दरी मी पाहिलीच नाही, वळणावळणावर झुलणारं ते लाल गाठोडंच बघत राहिलो. लहानपणी खिडकीसाठी मी दादाला चावलो होतो. जागा मलाच मिळाली होती.

आज गाठोडं परसातल्या निंबाला टांगलं. घरात आणायचं नसतं. आई खाली उभी राहून वर बघत होती.

"एक दिवस उशीर काऊन झाला?"

"गाडी चुकली."

मग म्हणाली, "त्या डोंगरातल्या गाडीत नेलतं का रे त्यानं तुले कधी?"

"हो. गेलतो आम्ही दोघं."

"खिडकीजवळ कोण बसलं?"

"दादा."