तंबूतली गादी

२ मे

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. गिरणीतल्या मागांच्या खडखडाटात तुझे कान गेले आणि फोन सुटला, हे माझ्या पथ्यावरच पडलंय. फोनवर मला "बरं" आणि "ठीक" यापलीकडे काही सुचत नाही. कागदावर मात्र मला कोणी अडवत नाही.

बातमी अशी, की या वयात मला तंबूत राहायला नेताहेत. आपले चिरंजीव आणि सूनबाई दरवर्षी सुट्टीत तळ्याकाठी तंबू ठोकतात, हे तुला ठाऊक आहे. यंदा मीही यायचं असा हुकूम निघालाय. उभी हयात लोकांच्या पाठीखाली कापूस भरण्यात गेली, आणि आता माझी पाठ दगडधोंड्यांवर टेकायची. घरात चांगला पलंग असताना हौसेनं जमिनीवर झोपायला जायचं, हे कोडं काही मला उलगडत नाही.

खरी गोष्ट वेगळीच आहे. तुझी वहिनी गेल्यापासून मुलगा मागे लागलाय, की दुकान तर बंद केलंच आहे, आता आमच्याकडे राहायला या. मागची खोली त्याने रिकामी केली. मला नेऊन दाखवली, आणि सहज बोलल्यासारखं म्हणाला, की बाबा, गादीचं माप घेऊन टाका. मी टेप खिशातून काढलीच नाही. आमच्या धंद्याची रीत तुला माहीत आहे. पलंगाला टेप लावली की काम अंगावर घेतलं, मग माघार नाही. मी खिडकीशी उभा राहून उजेड छान येतो एवढं म्हणालो आणि चप्पल पायात घातली.

अडचण माझ्या घोरण्याची आहे. हसू नकोस. इथे शेजारी भिंत ठोकतो, आणि ती भिंत जाडजूड आहे. मुलगा त्यातच वाढला, त्याला ते घड्याळाच्या टिकटिकीसारखं. पण सूनबाई आली की दिवसाची येते, रात्री कधी राहिलेली नाही. ती दवाखान्यात नर्स, रात्रपाळ्या करून पोर मेटाकुटीला येते. तिच्या झोपेवर मी घाला घालू? ती तोंडाने एक शब्द बोलणार नाही, आणि तेच मला नको आहे.

तंबू म्हणे दोन कप्प्यांचा आहे, मध्ये नुसता कापडी पडदा. पितळ उघडं पडायला एक रात्र पुरे. म्हणून ठरवलंय, की रात्री जागायचं आणि दिवसा डुलक्या काढायच्या. सुट्टी तरी गोडीत जाईल. पुढचं पुढे. आणि हो, माझी कापसाची गादी मी बरोबर नेतोय. त्यांच्याकडे हवा भरायची गादी आहे. मी ती दाबून पाहिली, तर रुसल्यासारखी चिरकली.

लोभ आहेच. अधूनमधून त्याला ऊन दाखवत जा, म्हणजे फुललेला राहील.

तुझा
दादा


५ मे

ती. स्व. दादास शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं. हसू नकोस लिहिलंस, पण उशीर झाला होता. तू घोरायला लागलास की आपलं मांजर माळ्यावर चढून बसायचं, आणि आई त्याला दुधाची वाटी दाखवून खाली बोलवायची, ते आठवलं.

दादा, कापसाची गादी उघड्यावर नेणं म्हणजे पाहुण्याला फिरायला नेऊन त्यालाच खांद्यावर वाहण्यासारखं आहे. पण तू कुणाचं ऐकणार? कान माझे गेलेत, पण ऐकत तू नाहीस.

रात्री जागायचं हा काय पोरखेळ? सरळ सूनबाईला सांगून टाक. ते जमत नसेल, तर माझं ऐक. माझ्याकडे राहायला ये. तुझं घोरणं ऐकू न येणारी साऱ्या जगात मी एकटीच आहे. वरची खोली रिकामी आहे. जिना जरा खडा आहे, पण कठडा पक्का आहे. संध्याकाळी मी एकटीच पत्ते मांडून बसते, आणि स्वतःशीच लबाडी करायचाही आता कंटाळा आला. तू आलास तर निदान तुझ्याशी करता येईल.

आणि एक प्रामाणिकपणे लिहून कळव. तंबूत खरंच मजा येते का? माझ्या खालच्या मजल्यावरची चष्मेवाली दरवर्षी जाते. परत येते तेव्हा अंगभर डास चावलेले, कंबर धरलेली, केसांत गवत, आणि म्हणते, की अगदी स्वर्ग. ही माणसं थापा मारतात, की मलाच काही कळत नाही? गादीवाल्याचं मत मी खरं धरीन.

डोक्याला मफलर बांध. आहे ती माया तशीच ओत, वाटी मी पालथी घातलेली नाही.

तुझी
धाकटी


११ मे, तळ्याकाठून

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

तंबूच्या मैदानावर एक छोटं दुकान आहे, तिथे टपाल घेतात. त्याच्या बाकावर बसून लिहितोय.

आधी गादीचं सांगतो. पहिल्या दिवशी तंबूबाहेर पसरली तेव्हा तिची फार ऐट होती. आजूबाजूच्या तंबूतली माणसं बघायला आली, दोघांनी लोळूनही पाहिलं. सकाळी उचलायला गेलो तर उचलेना. खालून जमिनीची ओल, वरून दव, कापसाने दोन्ही भरपेट पिऊन घेतलं होतं. मी, चिरंजीव आणि शेजारच्या तंबूतले ड्रॉइंग मास्तर, अशा तिघांनी ती ओढत कुंपणापर्यंत नेली. कपड्यांच्या दोरीवर टाकली तर दोरी तुटली. तेव्हापासून ती कुंपणावर पोट टाकून पडली आहे. येणारे-जाणारे तिची तब्येत विचारतात. तुझं खरं ठरलं, आता पुरे.

आरामाचं विचारशील तर नाव काढू नकोस. जमीन लांबून सपाट दिसते, पण पाठ टेकली की तिचा खरा स्वभाव कळतो. पिशवीत शिरून झोपायचं, आणि शिरताना चेन नेमकी सदऱ्यात अडकते. चहाला तास लागतो. एकाने पाणी आणायचं, एकाने वाऱ्याला पाठ करून शेगडी झाकायची, एकाने साखर कुठे ठेवली ते आठवायचं. मग तो धुराचा चहा आम्ही तिघं एकाच ओंडक्यावर बसून पितो. काल चिरंजीव ओंडक्यावरून मागे कोलमडला, तरी कप सरळ धरलेला. सूनबाई इतकी हसली, की तिचा चहा सांडला. घरी आम्ही तिघं एवढा वेळ एका जागी कधी बसलो होतो, मला आठवत नाही.

पण माझं सोंग काही धड वठत नाही. रात्री ती दोघं निजली, की मी खुर्ची घेऊन बाहेर घोंगडीत बसतो. दिवसा चिरंजीवाच्या गाडीत काचा वर करून झोपतो. सूनबाई रोज सकाळी विचारते, की बाबा, झोप लागली का. मी सांगतो, की फर्स्ट क्लास. डोळे मात्र टोमॅटोसारखे. पहिले दोन दिवस ती माझ्याशी भरभरून बोलत होती, आता गप्प झाली आहे. माझं काहीतरी चुकतंय, आणि सुधारायला जावं तर घोरणं बाहेर पडतं.

तेव्हा ठरवतोय, की तुझ्या वरच्या खोलीत यावं. इकडची सुट्टी संपली की तसं मुलाला सांगेन. खोली झाडून ठेव. पत्त्यांचा जोड पुरा आहे ना, तेवढं बघ.

प्रेमाची ऊब असू दे. इथे उबेची फारच टंचाई आहे.

तुझा
दादा


१३ मे, तळ्याकाठून

ती. स्व. आत्यांना सा. न. वि. वि.

माझं पत्र बघून तुम्हाला आश्चर्य वाटेल. बाबांनी तुमचा पत्ता लिहून पाकीट दुकानात दिलं, तेव्हा मी मागेच उभी होते. तुमच्याशिवाय विचारावं असं दुसरं कोणी नाही, म्हणून लिहिते.

बाबा रात्रभर बाहेर खुर्चीत बसून असतात. मी रोज न झोपलेली माणसं बघते, त्यामुळे फर्स्ट क्लास म्हटलेलं मला पटत नाही. पहिल्या रात्री वाटलं, की नवी जागा आहे. दुसऱ्या रात्री वाटलं, की गादी भिजली म्हणून असेल. मी माझी हवेची गादी त्यांच्या कप्प्यात सरकवली, तर सकाळी ती होती तशीच, तिच्यावर साधी सुरकुतीसुद्धा नाही. तुमचा भाचा म्हणतो, की बाबांना तारे बघायला आवडत असतील. गेले दोन दिवस आभाळ गच्च भरलेलं आहे.

आत्या, या सुट्टीचा हट्ट माझा होता. आमच्या घरी बाबा पाहुण्यासारखे येतात. खुर्चीच्या टोकावर बसतात, कप स्वतः विसळून ठेवतात. मला वाटलं, की तंबूत कोणी पाहुणं राहू शकत नाही, चिखलात सगळे सारखेच. दिवसा तसं होतंही. परवा त्यांनी मला फाटका तंबू शिवायचा टाका शिकवला, आणि माझा टाका बघून हे टाके नर्सने घातलेले दिसतात असं म्हणाले. मी खूश. पण अंधार पडला की ते आमच्यापासून उठून जातात.

आमच्यात राहायचं त्यांच्या मनात नसेल, तर मी आग्रह करणार नाही. मागच्या खोलीला मी हलका पिवळा रंग दिलाय, तो राहील तसाच. पण त्यांना काय सलतंय ते कळलं, तर बरं वाटेल. मलाही झोप लागत नाही. पडद्यापलीकडे अगदी सामसूम असते.

माझ्या आगाऊपणावर रागावू नका, माया कमी करू नका.

तुमची
सूनबाई


१५ मे

चि. सौ. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. आता मी चहाडी करणार आहे, तेव्हा हे पत्र दादाला दाखवू नकोस.

तुझे सासरे घोरतात. कसे, ते आज मी सांगू शकत नाही. मी ते शेवटचं ऐकलं तेव्हा तो ऐन जवानीत होता, आणि तेव्हाही खिडकीची तावदानं हलत असत. तुझी झोप मोडेल या धास्तीने तो रात्रीचा बाहेर बसतो. यापलीकडे त्याला काहीही सलत नाही. ओंडक्यावरच्या चहाबद्दल त्याने मला जे लिहिलंय, ते तू वाचायला हवं होतंस.

स्पष्टच लिहिते. मी हे पत्र टाकलं नसतं, तर दादा माझ्याकडे आला असता. वरची खोली मी पुसूनसुद्धा घेतली, आणि सोबत मलाही हवी आहे. पण मला ऐकू येत नाही म्हणून तो इथे येणार, म्हणजे तो लपायला येणार. तसा भाऊ मला नको. यायचा तर मिरवत येऊ दे, आणि चार दिवस राहून पत्त्यांत हरून जाऊ दे.

तुला खरंच त्रास होणार असेल, तर तसं त्याला तोंडावर सांग. तो रागावणार नाही. गोड बोलून डोळे लाल करून घेऊ नकोस, ते तुमच्या घरात एकाला पुरे.

त्याला जप. मला त्यातलं थोडं मिळालं तरी चालेल.

तुझी
आत्या


२१ मे

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

तू घरभेदी आहेस. लहानपणीही होतीस. मी मुरांब्याची बरणी कुठे लपवली ते आईला तूच सांगितलं होतंस.

तुझं पत्र तिकडे पोचलं त्या दिवशी दुपारपासून पाऊस लागला होता. आम्ही तिघं तंबूत दाटीवाटीने बसलो होतो. सूनबाई चहा गाळता गाळता, मान वर न करता म्हणाली, की बाबा, आज तुम्ही आत झोपायचं. मी काही सबब काढणार, तोच म्हणाली, की घोरण्याचं मला आत्यांकडून कळलंय. मी चिरंजीवाकडे बघितलं, तर तो तंबूचं छत बघत होता.

मग ती जे बोलली ते तुला जसंच्या तसं लिहितो. म्हणाली, की वॉर्डात मी रात्रभर एकटी जागी असते. जो घोरत असतो त्याच्याकडे मला बघावं लागत नाही. जो एकदम गप्प होतो त्याच्याकडे मी धावत जाते. इतक्या वर्षांत कानांना तीच सवय लागली आहे. आपल्या घरी सुट्टीच्या रात्री इतकं शांत असतं, की मी उठून उगाच दारं बघून येते. इथे तर तुम्ही पडद्यापलीकडे नाहीत हे कळायचं, आणि मी बाहेरच्या खुर्चीची कुरकुर ऐकत पडून राहायचे. मी विचारलं, की खरंच सांगतेस की मन राखतेस? ती म्हणाली, की आधी ऐकते, मग सांगते.

मी झोपलो, धाकटे. ती हवेची गादी चिरकली, दगड बरगडीत शिरला, बाहेर पाऊस तंबू बडवत होता, आणि मी इतक्या दिवसांची सगळी झोप एका दमात काढली. जागा झालो तर ऊन कापडातून आत आलं होतं. बाहेर आलो. ड्रॉइंग मास्तरांचा तंबू जागेवर नव्हता, दूर चिंचोळ्या कोपऱ्यात उभा दिसला. मी शरमेने खाली बसलो. सूनबाई मात्र अजून गाढ झोपलेली. चिरंजीव म्हणाला, की लग्न झाल्यापासून सुट्टीच्या दिवशी हिला सूर्य वर आल्यावर उठवावं लागलं ते आज पहिल्यांदाच. उठल्यावर तिने नर्सचं मत दिलं, की आवाज मोठा आहे, पण मध्ये अडकत नाही, लय सरळ आहे, तब्येतीला धोका नाही. मास्तरांना तेवढा धोका आहे.

तू विचारलं होतंस, त्याचं उत्तर. तंबूत आराम नाही, गादीवाला म्हणून शपथेवर सांगतो. जो आराम आहे म्हणतो, तो थापा मारतो. पण चष्मेवाली खोटं बोलत नसावी. आपल्या घरात प्रत्येकाचं दार असतं, आणि दार असलं की माणूस ते लावून घेतो. तिथे दारच नव्हतं. पुढच्या वर्षी मी पुन्हा जाणार आहे. कुरकुर करत जाणार, पण जाणार.

काल मागच्या खोलीत टेप लावली. लांबी, रुंदी, खिडकीपासूनचं अंतर, सगळं घेतलं. सूनबाई टेपचं दुसरं टोक धरून होती आणि चिरंजीव उगाचच मध्ये मध्ये येत होता. कुंपणावरची गादी इथल्या उन्हात आता खडखडीत वाळली आहे. ती उसवून कापूस पिंजायला काढलाय. माझी एक होऊन पुष्कळ उरतो, म्हणून पिवळ्या भिंतीशी एक दुसरी अरुंद गादी बसते का बघितलं, तर बेताची बसते.

तेव्हा परत टपालाने तुझी उंची कळव. भिंतीला टेकून नीट मोजून घे. पूर्वीची सांगू नकोस, आपण दोघंही आखूड झालो आहोत.

पत्ते मात्र तुझेच घेऊन ये, आमच्याकडचा राजा तळ्यात पडला.

तुझा
दादा